काळ्या पाण्यापलीकडचे खंदक
मुल्कराज आनंद यांची युद्धकादंबरी आणि शिपायांनी भोगलेले वास्तव

‘खंदक’ हा अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला शब्द. किल्ल्याभोवतीचा खंदक शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. मुस्लिम वाचकाला या शब्दाची आणखी एक जुनी ओळख आहे. हिजरी सन ५ मध्ये, म्हणजे इ.स. ६२७ साली, मदिन्यावर चालून आलेल्या फौजेला अडवण्यासाठी सलमान फारसी यांच्या सल्ल्याने खंदक खोदला गेला आणि त्या खंदकाने एक शहर वाचवले. १९१४ साली फ्रान्स आणि बेल्जियममध्ये जे खंदक खोदले गेले त्यांची जात निराळी होती. ते शहराभोवती नव्हते, बीटाच्या आणि गव्हाच्या शेतांच्या मधोमध होते. माणूस त्यांत जेवत होता, झोपत होता, पत्रे लिहवून घेत होता आणि पुष्कळदा त्यांतच गाडला जात होता.

या खंदकांत आपली माणसे होती, ही गोष्ट आपल्या वाचनात फार उशिरा आली. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापलीकडे गेली, त्यांतली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. एकट्या फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर सैनिक आणि मजूर मिळून एक लाख ३८ हजारांच्या आसपास माणसे होती. त्यांत पंजाबी मुसलमान आणि पठाण यांचा वाटा मोठा होता. या माणसांवर इंग्रजीतून लिहिली गेलेली महत्त्वाची हिंदी कादंबरी म्हणजे मुल्कराज आनंद यांची ‘ॲक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’. ही कादंबरी शिपायांच्या खऱ्या अनुभवाला किती धरून आहे, कुठे ती त्याच्या पलीकडे जाते आणि कुठे अलीकडेच थांबते, हे तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. आम्ही ते एका विशिष्ट जागेवरून पाहणार आहोत. त्या खंदकांतल्या मुसलमान शिपायाला या कादंबरीत काय मिळाले, हा प्रश्न आमच्या वाचकांनी विचारला नाही तर दुसरे कोण विचारणार?

आनंद १९०५ साली पेशावरला जन्मले. फौजा मार्सेय बंदरात उतरल्या तेव्हा ते आठ वर्षांचे होते. वडील लालचंद आनंद लष्करात सुभेदार होते, त्यामुळे लहानपण छावणीत गेले. कादंबरी त्यांनी वडिलांच्याच स्मृतीला अर्पण केली आहे. तिचा कच्चा खर्डा १९३७ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये, स्पेनमधले यादवी युद्ध चालू असताना, बार्सिलोना-माद्रिदला तयार झाला आणि १९३९ च्या उत्तरार्धात, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटत असताना, इंग्लंडमधल्या एका खेड्यात त्यांनी ती पुन्हा नव्याने लिहिली. १९४० साली ती प्रसिद्ध झाली. एका युद्धाबद्दलची ही कादंबरी दुसऱ्या युद्धाच्या रणभूमीवर सुचली आणि तिसऱ्या युद्धाच्या सावलीत पुरी झाली. आनंद यांचे पुढचे आयुष्य बरेचसे मुंबई-खंडाळ्यात गेले आणि २००४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. १९३५ साली लंडनमध्ये प्रगतिशील लेखक संघाची जुळवाजुळव झाली तेव्हा ते सज्जाद जहीर यांच्या बरोबरीने त्यात होते. हा संदर्भ पुढे उपयोगी पडणार आहे.

लेखक खंदकात नव्हता म्हणून त्याचे लेखन खोटे, असा हिशेब साहित्यात चालत नाही. एरिख मारिया रेमार्क यांची १९२९ ची जगप्रसिद्ध जर्मन कादंबरी आघाडीवरच्या सैनिकाचा शेवटचा शब्द मानली जाते; पण रेमार्क स्वतः आघाडीवर होते ते १९१७ च्या उन्हाळ्यातले काही आठवडे. हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी ‘उसने कहा था’ ही कथा १९१५ साली, लढाई चालू असतानाच लिहिली. लेहनासिंगाचा खंदक त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तरी ती कथा आजही वाचवते. म्हणून पाहायचे ते लेखकाने अनुभवाचे कोणते धागे पकडले आणि कोणते त्याच्या हातून सुटले, एवढेच.

कादंबरीचा नायक लालसिंग, म्हणजे लालू, हा पंजाबातल्या नंदपूर गावचा शीख शेतकऱ्याचा पोर. तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतली ही मधली. पहिल्या कादंबरीत, ‘द व्हिलेज’मध्ये, त्याने केस कापले म्हणून गावाने त्याची धिंड काढली आणि पुढे जमीनदाराच्या वैरातून सुटण्यासाठी तो पलटणीत भरती झाला. देशभक्ती किंवा राजनिष्ठा यांतले काही त्याच्या भरतीमागे नाही. पगार मिळेल, शौर्य गाजवले तर जमीन मिळेल, गेलेली शेती सोडवता येईल, एवढीच आशा आहे. इथे आनंद यांनी इतिहासाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. १९१४ साली साध्या शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये होता. पंजाबातल्या कालव्यांच्या मुलखात पेन्शनर शिपायांना जमिनी मिळत, हे प्रत्येक खेड्याला ठाऊक होते. ‘भाडोत्री’ हा शब्द पुढे या माणसांना सहज चिकटवला गेला. कादंबरी वाचताना कळते की भाडे घेणारा माणूस आधी आपल्याच गावात कसा नागवला गेला होता.

आता मोजपट्टी कोणती घ्यायची? सुदैवाने ती हाताशी आहे. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांवर नजर ठेवण्यासाठी १९१४ च्या अखेरीस एक खास कचेरी नेमली गेली. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, पश्तू, मराठी अशा भाषांतली पत्रे तिथे उघडली जात आणि निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून वरिष्ठांना पाठवले जाई. मूळ पत्रे गेली, पण ही भाषांतरे लंडनच्या दप्तरखान्यात राहिली. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतली निवड १९९९ साली पुस्तकरूपाने छापली. आनंद यांनी कादंबरी लिहिली तेव्हा हा संग्रह छापील रूपात कोणाच्याच हाती नव्हता. म्हणून कादंबरी आणि पत्रे ही एकमेकांना न भेटलेल्या दोन साक्षीदारांसारखी आहेत. दोघांचे जबाब जुळले तर ते मोलाचे, आणि जुळले नाहीत तर त्याहूनही मोलाचे.

पहिला जुळणारा जबाब थंडीचा आणि चिखलाचा. लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन १९१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये उतरल्या त्या उन्हाळी सुती खाकीत. मार्सेयला जुन्या बंदुका काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. त्या हाताला बसायच्या आतच शिपाई आघाडीवर होते. फ्लँडर्सची जमीन सखल, हातभर खणले की पाणी लागते. पाऊस सुरू झाला की खंदकाचा ओढा होतो. उभ्या उभ्या पाय सुजत, काळे पडत, बोटे झडत. जर्मनांकडे हातबाँब आणि उखळी तोफा होत्या. आपल्या शिपायांनी मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून बाँब केले. कादंबरीतला म्हातारा धनू गोळीने मरत नाही, पाण्याने भरलेल्या खंदकात बुडून मरतो. वीरमरणाची वाट पाहणाऱ्या वाचकाला हे मरण विचित्र वाटेल. परंतु त्या हिवाळ्याची कागदपत्रे वाचणाऱ्याला ते मुळीच विचित्र वाटत नाही. शिपायांच्या पत्रांत तोफांपेक्षा पाऊस आणि चिखल यांचे गाऱ्हाणे काही कमी नाही. माणसे भट्टीतल्या दाण्यांसारखी भाजून निघत आहेत, ही लढाई नव्हे, हा जगाचा अंत आहे, अशा आशयाची वाक्ये वेगवेगळ्या पलटणींच्या पत्रांतून येतात. मुस्लिम शिपाई अशा वेळी कयामत आठवतो आणि हिंदू शिपाई महाभारत. धर्म वेगळे असले तरी भीतीचे माप एकच होते.

दुसरा जुळणारा जबाब अज्ञानाचा. लालूला आपण कुठे आहोत हे कधीच नीट कळत नाही. गावांची नावे तोंडात बसत नाहीत. शत्रू कोणत्या दिशेला आहे, आपण पुढे का गेलो आणि मागे का आलो, हे कोणी सांगत नाही. कादंबरीत लढाईचा नकाशा नाही, अशी तक्रार कोणी करू शकेल. आम्हांला मात्र तेच तिचे बळ वाटते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेल गावावर जो हल्ला झाला तो आठवून पाहावा. ४७ वी शीख पलटण आणि सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्या उघड्या मैदानातून गावात घुसल्या. या दोन कंपन्या आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या. त्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी मेले किंवा जखमी झाले आणि जिंकलेले गाव मदत न आल्याने सोडावे लागले. एका पलटणीत शिपायांची भाषा जाणणारे गोरे अधिकारी मोजके असत. ते पडले की हुकूम देणारे तोंडच नाहीसे होई आणि बदली आलेल्या नव्या साहेबाला शिपायांची बोली येत नसे. लालूचा गोंधळ हा खेडवळ माणसाचा बावळटपणा नव्हे. फौजेची सगळी रचनाच अशी होती की शिपायाला माहिती नसावी.

तिसरा जबाब फ्रान्सचा. आघाडीच्या मागे विसाव्याला असताना लालू फ्रेंच कुटुंबात मिसळतो, मारी नावाच्या मुलीशी त्याची मैत्री होते. तिथली शेती, अवजारे, गुरे तो शेतकऱ्याच्या डोळ्यांनी न्याहाळतो आणि मनात आपल्या गावाशी तुलना करतो. पत्रेही हेच सांगतात. घरमालकिणीला ‘आई’ म्हणणारे शिपाई त्यांत आहेत. इथल्या बायका शिकलेल्या आहेत, पुरुष लढाईवर असताना शेती चालवतात, तेव्हा आपल्या मुलींना शिकवा, असे घरी कळवणारेही आहेत. खंदकातून लिहिलेल्या पत्रात मुलीच्या शाळेचा विषय निघावा, ही गोष्ट कोणत्याही शौर्यगाथेपेक्षा आम्हांला मोठी वाटते. आनंद यांनी मारीचे प्रकरण थोडे गोड केले आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. गोऱ्या बाईशी हिंदी शिपायाने बोलणे अधिकाऱ्यांना किती खुपत होते, याचा धाक कादंबरीत आहे, पण त्या धाकापेक्षा लेखकाचे स्वप्नच तिथे अधिक बोलते.

आता न जुळणाऱ्या जबाबांकडे वळू. पत्रे खरी आणि कादंबरी कल्पित, अशी सोपी वाटणी करता येत नाही. बहुतेक शिपाई निरक्षर. पत्र लिहिणार दुसरा, गावी ते वाचून दाखवणार तिसरा, ऐकणार सगळी आळी, आणि वाटेत उघडणारा साहेब. शिपायांना हे माहीत होते. म्हणून सरकारचे कौतुक ओळीओळीत येई आणि खरी गोष्ट आडून सांगितली जाई. काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून पुष्कळ आहे, असे लिहिले की घरच्यांनी समजायचे, काळी माणसे संपली, गोरी शिल्लक आहेत. हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. जी साक्ष अशी पदराआड द्यावी लागते, तिच्यात वरच्या नाइकाबद्दल, हवालदाराबद्दल, सुभेदार-मेजरच्या पोराबद्दल काय लिहिता येणार?

ही जागा कादंबरी भरून काढते. लोकनाथ हा लालूचा छळ करतो, चुगल्या करतो. सुभेदार-मेजरचा मुलगा सुबाह एकेकाळचा मित्र, पण बढती मिळताच त्याची नजर फिरते. प्रेमळ, तोंडाळ किरपूकाका अपमानाच्या ओझ्याखाली शेवटी स्वतःच जीव देतो. म्हणजे या कादंबरीतला सर्वांत जिव्हाळ्याचा माणूस जर्मनांच्या हातून मरत नाही. त्याला मारते ती आपल्याच पलटणीतली उतरंड. शत्रू समोरच्या खंदकात आहे, हे युद्धाचे पहिले गृहीतक आनंद इथे मोडतात. कोणत्याही पत्रात हे उघड सापडणार नाही, कारण ते लिहिणाऱ्याचे पत्र पुढे गेलेच नसते.

अधिकाऱ्यांचा शिपायांवर किती विश्वास होता, याचा एक दाखला इथे देणे योग्य होईल. पहिल्या हिवाळ्यात अनेक हिंदी जखमींच्या हाताला गोळ्या लागलेल्या दिसल्या आणि त्यांनी त्या स्वतःच मारून घेतल्या असा बोभाटा झाला. ब्रायटनच्या किचनर रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमांची तपासणी करून अहवाल लिहिला. त्या सरसकट संशयाला आधार मिळाला नाही. काठावरून बंदूक चालवणाऱ्याचे हातच आधी दिसतात, हे सांगायला खरे तर अहवाल लागू नये. पण इज्जतीसाठी घर सोडून आलेल्या माणसाला रुग्णालयात आरोपी म्हणून झोपावे लागले. किरपूचा अपमान याच जातीचा आहे.

कादंबरीचे हे श्रेय दिल्यावर आम्हांला अडचणीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. लालू, धनू, किरपू, लोकनाथ, सुबाह, लछमनसिंग. कथेचा गाभा ज्या माणसांभोवती फिरतो ती सगळी शीख किंवा डोगरा हिंदू. पठाण आणि मुसलमान शिपाई बंदरावरच्या गर्दीत दिसतात आणि गर्दीतच राहतात. खुद्द नावच पाहा. ‘काळे पाणी’ ओलांडले की जात जाते, ही भीती सवर्ण हिंदूची. कोकणातल्या मुसलमान खलाशाला समुद्र हे काळे पाणी कधीच नव्हते, ती त्याची भाकरी होती. मुसलमान शिपायाचे संकट समुद्र ओलांडण्याचे नव्हते. त्याचे संकट तो पलीकडे पोचल्यावर सुरू झाले.

१९१४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले आणि खलिफाच्या नावाने जिहादचा पुकारा झाला. हिंदी मुसलमान शिपाई त्या वेळी फ्लँडर्सच्या खंदकात इंग्रजांची बंदूक घेऊन उभा होता. ज्याचे नाव जुम्म्याच्या खुतब्यात ऐकत आला तो एका बाजूला, आणि ज्याचे मीठ खाल्ले तो दुसऱ्या बाजूला. मक्का-मदिना सुरक्षित राहतील, अशी हमी इंग्रज सरकारने दिली होती. मुस्लिम शिपायांच्या पत्रांत तुर्कस्तानची विचारपूस येते, काळजी येते, रोज्यांचा आणि ईदचा उल्लेख येतो. कादंबरीत या ओढाताणीला जागा नाही.

ही ओढाताण किती खरी होती हे दोन भावांच्या कहाणीवरून कळते. जमादार मीर मस्त हा ५८ व्या वॉन्स रायफल्सचा आफ्रिदी पठाण. १९१५ च्या मार्चच्या सुरुवातीला, एका पावसाळी रात्री, आपल्या काही साथीदारांसह तो नव शापेलजवळ जर्मनांना जाऊन मिळाला. त्याचाच भाऊ जमादार मीर दस्त. २६ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या लढाईत विषारी वायूच्या हल्ल्यात अधिकारी पडल्यावर त्याने माणसे एकत्र ठेवली आणि आठ जखमी अधिकाऱ्यांना, गोऱ्या आणि हिंदी, गोळीबारातून उचलून आणले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रायटनच्या राजवाड्यातल्या रुग्णालयात बादशहाने स्वतः तो त्याच्या छातीवर लावला. वायूने मात्र त्याची प्रकृती कायमची पोखरली आणि त्याच्या पत्रात पदकापेक्षा त्या वायूचेच दुःख जास्त आहे. एकाच आईची दोन मुले, एकच आघाडी, आठ आठवड्यांचे अंतर. यांतला निष्ठावान कोण आणि गद्दार कोण, हा प्रश्न इंग्रजांनी आपल्या परीने सोडवला. आम्हांला त्या दोघांच्या रात्री हव्यात, आणि त्या कादंबरीकारच देऊ शकतो.

मीर दस्तच्या आधी, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी, हॉलेबेकला १२९ व्या बलुची पलटणीचा खुदादाद खान मशीनगनवरचे सगळे सोबती पडल्यानंतरही एकटा ती चालवत राहिला. हिंदी शिपायांना मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस त्याचा. ही नावे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीत. पण केवळ वीरांची यादी करून आपले काम संपत नाही. ‘आमचेही लोक लढले’ हा युक्तिवाद पुरावा मागणाऱ्यासमोर ठेवण्यासाठी ठीक आहे, साहित्यासाठी तो अपुरा आहे. आनंद यांनी लालूला वीर केले नाही, माणूस केले. मुसलमान शिपायालाही तेवढाच मान हवा. त्याला घाबरण्याचा, चुकण्याचा, दोन निष्ठांत फाटण्याचा हक्क हवा.

आनंद यांनी मुसलमानांना हेतुपुरस्सर वगळले, असे आम्ही म्हणत नाही. सज्जाद जहीर यांच्या खांद्याला खांदा लावून लेखक संघ उभारणाऱ्या माणसावर तो आरोप टिकणार नाही. कारण फौजेच्या रचनेतही शोधावे लागते. १८५७ नंतर अनेक पलटणींत जातवार कंपन्या केल्या गेल्या. एक शिखांची, एक डोगऱ्यांची, एक पंजाबी मुसलमानांची, एक पठाणांची. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, हलाल आणि झटका वेगळा. ब्रायटनच्या रुग्णालयातही हिंदू-मुसलमानांसाठी नळ निरनिराळे होते. इंग्रजांनी याला धर्माचा आदर म्हटले आणि काही अंशी तो होताही. पण त्यातून भिंतीही बळकट झाल्या. जी कादंबरी एका कंपनीच्या चुलीपाशी बसते तिला शेजारच्या कंपनीची चूल दिसत नाही. म्हणजे इथे कादंबरीतली उणीवसुद्धा वास्तवाचेच प्रतिबिंब आहे. फरक इतकाच की लेखकाकडून आपण शेजारच्या चुलीपर्यंत चालत जाण्याची अपेक्षा करतो. शिवाय लालूच्या डोक्यात अधूनमधून नंदपूरच्या शेतकऱ्याऐवजी लंडनमध्ये शिकलेला समाजवादी बोलू लागतो आणि पंजाबी शिव्या-म्हणींची शब्दशः इंग्रजी रूपे कधी कधी हसू आणतात, हेही नमूद करायला हवे.

कादंबरीच्या अखेरीस लालू जर्मनांच्या हाती सापडतो. तिसऱ्या कादंबरीत, १९४२ च्या ‘द स्वोर्ड अँड द सिकल’मध्ये, तो कैदेतून परततो. जमीन नाही, बक्षीस नाही, घर उद्ध्वस्त. या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या फटीत एक खरी जागा आहे. बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फ येथे मुसलमान कैद्यांसाठी ‘अर्धचंद्र छावणी’ होती. १९१५ साली तिथे लाकडी मशीद बांधली गेली. कैद्यांची मने खलिफाकडे, म्हणजेच जर्मनीकडे वळवावीत, हा तिचा हेतू. तिथे शीख आणि हिंदू कैदीही होते. जर्मन विद्वानांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले आणि त्या आजही बर्लिनमध्ये आहेत. इंग्रजांनीही इंग्लंडमध्ये वोकिंगच्या मशिदीजवळ मुसलमान शिपायांसाठी वेगळे कब्रस्तान बांधले, कारण मुसलमान मृतांना नीट दफन केले जात नाही असा प्रचार जर्मन करत होते. एकाने मशीद बांधली, दुसऱ्याने कब्रस्तान. दोन साम्राज्यांच्या ओढाताणीत शिपायाचा ईमान हाही एक दारूगोळाच होता.

शेवटी आपल्या मुलखाकडे येऊ. फ्रान्समधली हिंदी पायदळे १९१५ च्या अखेरीस हलवली गेली ती बव्हंशी मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे पुणे डिव्हिजन आधीच लढत होती. तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे ही फौज वेढली गेली. उपासमार झाली तेव्हा घोड्याचे मांस खायचे की नाही, हा प्रश्न उभा राहिला आणि त्यासाठी हिंदुस्थानातून धर्मपुढाऱ्यांची संमती मागवली गेली. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो गेली. समोरच्या खंदकात तुर्क होते. नजफ-करबलाची भूमी तिथून फार लांब नव्हती. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या एखाद्या दख्खनी शिपायाने त्या खंदकात नमाज पढताना किब्ल्याकडे तोंड केले असेल आणि समोरूनही तीच अजान ऐकली असेल. तो मराठी बोलत होता, शेजारचा मराठा गडी त्याच्याशी मराठीतच सुखदुःख बोलत असणार. फ्रान्समधल्या लालूला जी चूल दिसली नाही ती इथे शेजारीच पेटलेली होती.

१९३९ साली, आनंद आपली कादंबरी पुन्हा लिहीत होते त्याच वर्षी, मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आली. तिच्यात युरोपातल्या वंशद्वेषाची झळ आहे, पण रणांगण नावालाच आहे, कारण ती बोटीवर घडते. ती मोठी कादंबरी आहे आणि तिच्याकडून खंदकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण कुतच्या खंदकातल्या मराठी मुसलमान शिपायाची कादंबरी आम्हांला वाचायची आहे. तिला साधने कमी नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या कित्येक गावांत शाळेच्या, चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामास आले, असे दोन आकडे तिच्यावर असतात. नावे नसतात. नव शापेलच्या स्मारकावर मात्र सुमारे ४,७०० नावे आहेत. गावच्या पाटीवरून पलटणीच्या यादीकडे आणि यादीवरून कोणाच्या तरी घरातल्या जुन्या पेन्शनच्या कागदाकडे जाता येते. ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत, वाचून ठेवावेत, आजी-आजोबांकडून ऐकलेले लिहून ठेवावे.

‘ॲक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ आमच्या तरुण लेखकांनी आवर्जून वाचावी ती यासाठी. न पाहिलेल्या खंदकापर्यंत बापाच्या आठवणींच्या आधाराने पोचता येते, हे ती दाखवते. तिच्या पानांत आपला माणूस सापडला नाही म्हणून ती मिटून ठेवू नये. किरपू आणि धनू हेही आपलेच आहेत. राहिलेला माणूस लिहिण्याचे काम आनंद यांचे नव्हते, ते आपले आहे.